बाळू पालवणकर : आपला की परका?

१३,२४५ आणि ११,२२५.

हे आकडे १९३७ सालच्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीतले. पहिला बाबासाहेबांचा, दुसरा पालवणकर बाळूचा. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे, बाळू काँग्रेसचा. दोन हजार वीस मतांनी बाबासाहेब निवडून आले. आपल्या चळवळीच्या वहीत बाळूची नोंद बहुतेक ठिकाणी एवढीच. बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिलेला माणूस. झालं. पान उलटलं.

गेल्या उन्हाळ्यात चिखलदऱ्याला आपलं दोन दिवसांचं शिबिर झालं. परतवाडा, अचलपूर, अंजनगाव, धारणीकडची पोरं आली होती. हॉलच्या भिंतीवर फोटो लावायचं काम चाललं होतं. बुद्ध, फुले, शाहू, बाबासाहेब, अण्णाभाऊ. एका पोराने घरून बाळूचा फोटो आणला होता, कुठल्यातरी मासिकातला कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. दुसरा लगेच म्हणाला, "हा कायले लावतं बे? बाबासायबाच्या विरोधात उभा राह्यला होता ना हा." फोटो उलटा करून टेबलावर ठेवला गेला. आणणारा पोरगा चर्मकार समाजाचा. तो काही बोलला नाही. दोन दिवस काहीच बोलला नाही. चर्चेत नाही, जेवताना नाही.

मित्रांनो, मी रागावून लिहीत नाही. पण तो उलटा फोटो डोक्यातून जात नाही. माणूस आपला ठरतो तो कशावरून? जन्मावरून म्हणाल तर ते मनूचंच माप झालं. कर्तबगारीवरून म्हणाल तर ज्याला कर्तबगारी दाखवायची संधीच मिळाली नाही त्याचं काय? तो कुणाच्या बाजूने उभा राहिला यावरून म्हणाल तर आयुष्यातला कुठला दिवस धरायचा? पहिला, मधला का शेवटचा?

बाळूचा जन्म १८७६ चा. घराणं मूळ कोकणातल्या पालवणचं, जात चांभार. बाप लष्करात नोकरीला, म्हणून पोरं पुण्याच्या छावणीत वाढली. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन भाऊ भाऊ खेळायला शिकले. बाळू, शिवराम, विठ्ठल, गणपत. चौघेही पुढे हिंदू संघातून खेळले. पण बाळूची पहिली नोकरी खेळाडूची नव्हती. पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. नेट बांधायचं, खेळपट्टी आखायची, आणि साहेबांना सराव हवा म्हणून बॉल टाकायचे. ग्रेग नावाचा साहेब तेव्हाचा नावाजलेला फलंदाज. बाळूने त्याला बाद केलं की तो आठ आणे द्यायचा अशी गोष्ट सांगतात. तासन् तास, वर्षानुवर्षं बाळू बॉल टाकत राहिला. बॅट मात्र कुणी हातात दिली नाही. बॅट धरणं हे साहेबाचं काम. बॉल टाकणं हे नोकराचं.

चिखलदऱ्यालाच संध्याकाळी मोझरी पॉइंटच्या अलीकडे मोकळ्या जागेत मी हे डोळ्यांनी पाहिलं. शहरातून गाड्या घेऊन आलेली पोरं खेळत होती. बॉल उतारावर गेला की टपरीवरच्या कोरकू पोराला हाक मारायचे. तो झाडीत उतरून बॉल आणायचा. दोन-चार वेळा त्यांनी त्याला बॉल टाकूही दिला, कारण त्यांचे हात दुखत होते. पोराचा हात झकास होता. जाताना दहाची नोट दिली. बॅट नाही दिली. मागितली असती तर कदाचित दिली असती, वाईट पोरं नव्हती ती. पण मागावी असं त्याच्याही मनात आलं नाही आणि द्यावी असं त्यांच्याही. व्यवस्था अशीच चालते, शिव्या न देता.

'लगान' सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय. २००१ चा. त्यातला कचरा आठवा. अस्पृश्य, एक हात अधू, आणि तो अधू आहे म्हणून चेंडू वळतो! म्हणजे नाव कचरा, आणि कलाही त्याची स्वतःची नाही, व्यंगातून आलेली. थिएटरात आपलीच माणसं टाळ्या वाजवत होती. बाळूचा चेंडू हात वाकडा होता म्हणून वळत नव्हता. चार रुपये पगारावर बोटं झिजवली म्हणून वळत होता. दिग्दर्शकाला अस्पृश्य हवा होता, पण कष्टाने शिकलेला अस्पृश्य पचला नसावा. असो.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांच्या क्लबाला हरवायचं होतं. गोऱ्यांच्याच नेटमध्ये तयार झालेला बॉलर डोळ्यांसमोर होता. घ्यावा का नको, यावर वाद झाला. शेवटी घेतला. मैदानावर बाळूने टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू झेलायचा, हातात घोळवायचा, परत बाळूच्या हातात द्यायचा. आणि चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनीमातीच्या कपात, आणि बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात. प्यायचं आणि फेकायचं. जेवणाचं ताट वेगळं, टेबल वेगळं. तोंड धुवायला पाणी द्यायचं तर तेही अस्पृश्य नोकराने.

इथे जरा थांबा. कारण विटाळाचं सगळं तत्त्वज्ञान या एका मैदानावर उघडं पडतं.

चेंडू कशाचा? कातड्याचा. कातडं कमावणं आणि शिवणं हा धंदा या देशात कुणाच्या माथी मारला होता? ते मेलेल्या जनावराचं कातडं, त्यावर चांभाराच्या हाताचा घाम, तो चेंडू ब्राह्मण दोन्ही हातांनी छातीशी धरतो, आणि विटाळ होत नाही. तोच हात कपाला लागला की होतो. शास्त्र जर खरं असेल तर दोन्हीकडे व्हायला पाहिजे. खोटं असेल तर कुठेच नाही. मैदानावर एक आणि बाहेर दुसरं, याचा अर्थ शास्त्र नव्हतंच कधी. होती ती सोय. जिथे तुझ्यावाचून अडतं तिथे तू शुद्ध. जिथे अडत नाही तिथे तू महार, तू चांभार, तू मांग.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता, त्याच्याकडून लहानपणी ऐकलेलं पुढे पुस्तकातही सापडलं. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, अस्पृश्यांना घेत नसत. का? तर धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा तोंडाला लावणार? म्हणून चांगल्या पगाराचं खातं आपल्याला बंद, आणि हलक्या पगाराची खाती मोकळी. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला. वर्गलढ्याची भाषा बोलणारे त्याआधी यावर गप्प होते.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. साचेखात्यात सवर्ण विणकर हवे तेवढे मिळत होते, म्हणून थुंकीचा विटाळ कडक. हिंदू संघाला गोऱ्यांच्या विकेटी काढणारा तसा दुसरा मिळत नव्हता, म्हणून घामाचा विटाळ ढिला. धर्म तोच, देश तोच. फरक फक्त गरजेचा.

मग बाळूला मिळालं ते काय होतं? हक्क की भाडं?

प्लेगनंतर बाळू मुंबईला आला. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. तिथेही आधी कुरकुर झाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. गोऱ्या राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवणं तेव्हा केवढी गोष्ट होती हे आज टीव्हीसमोर बसून कळणार नाही. त्यात बाळूच्या आठ विकेटी. या सुमाराला मुंबईच्या संघात पालवणकर भाऊ बाकीच्यांबरोबर एका टेबलावर जेवू लागले होते. पुण्याचं मातीचं भांडं ते मुंबईचं टेबल, हा प्रवास दहा-एक वर्षांचा. १९११ साली पतियाळाच्या महाराजाच्या कप्तानीखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ हरत होता, बाळू विकेटी काढत होता. दौऱ्यात ११४ विकेटी. शिवरामही त्या दौऱ्यावर होता. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य वस्त्यांत बाळूचा सत्कार झाला. बाबासाहेब तेव्हा वीस वर्षांचे कॉलेजकुमार. त्या पिढीच्या अस्पृश्य पोरांना अभिमानाने सांगावं असं एक नाव होतं, ते बाळूचं. पुढची २६ वर्षं वगळून हे लक्षात घ्या.

विकेटी मिळाल्या, टेबल मिळालं. कप्तानी? ती नाही. गोऱ्यांशी, पारशांशी, मुसलमानांशी खेळणाऱ्या हिंदू संघाचा कप्तान चांभार कसा? एम. डी. पै १९१३ साली कप्तान म्हणून सत्कार घेताना जाहीरपणे म्हणाले की हा मान खरं तर बाळूचा आहे. पै जातीने ब्राह्मण. माणूस प्रामाणिक होता हे कबूल करायला आपलं काही जात नाही. पण एका माणसाच्या प्रामाणिकपणाने निवड समिती हलली नाही.

१९२० ला बाळू ४४ वर्षांचा झाला होता. पै आजारी. बाळूला संघातूनच वगळलं आणि कप्तानी प्रा. देवधरांकडे गेली. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी अंगातले कपडे उतरवले. आम्ही खेळणार नाही. नुसते घरी बसले नाहीत, निवेदन काढलं. जात बघून कप्तानी ठरते असं लोकांपुढे मांडलं. मुंबईच्या वर्तमानपत्रांत वाद पेटला. शेवटी पुढच्या सामन्याला पै परत आले, बाळूला उपकप्तान केलं, भाऊ परतले. आणि सामन्यात पै मैदानाबाहेर गेले, जेणेकरून काही वेळ तरी बाळूने संघ चालवावा.

याला काय म्हणायचं? मी गिरणीतला माणूस, मी याला संप म्हणतो. दोन माणसांचा संप. ना युनियन, ना झेंडा, ना पाठीशी पक्ष. महाडच्या सात वर्षं आधी. आपल्या लढ्याच्या इतिहासात हा संप कुणी लिहिला नाही, कारण तो क्रिकेटच्या पानावर पडला. आणि क्रिकेटवाल्यांनी लिहिला नाही, कारण तो जातीच्या पानावर पडला.

१९२३ साली विठ्ठल कप्तान झाला. हिंदूंनी त्या वर्षी चौरंगी सामने जिंकले, युरोपियनांना हरवून. सवर्ण हिंदूंनी विठ्ठलला खांद्यावर घेतलं. ज्या भावाला बाहेर बसवून मातीच्या भांड्यात चहा दिला त्याचा धाकटा भाऊ त्यांच्याच खांद्यावर. बाळूने हे डोळ्यांनी पाहिलं. यावरून त्याला काय वाटलं असेल याचा विचार आपण कधी केलाय?

मला वाटतं, १९३२ आणि १९३७ ची किल्ली इथे आहे. बाळूच्या आयुष्यात जे जे मिळालं ते हिंदू संघाच्या आत राहून मिळालं. हळूहळू, अपमान गिळत, पण मिळालं. मातीचं भांडं, मग टेबल, मग उपकप्तानी, मग भावाची कप्तानी. हा हिशेब खोटा नव्हता. यावरून त्याने अनुमान काढलं की हिंदू समाज आतून बदलतो. काँग्रेस म्हणत होती तेच. म्हणून तो संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने गेला.

बाबासाहेबांचा हिशेब वेगळा. कोलंबियात शिकून १९१७ ला बडोद्याला आले, एवढा मोठा अधिकारी, आणि राहायला खोली मिळाली नाही. पारशाच्या धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं. दोघेही आपापल्या क्षेत्रात सिद्ध झालेले. दोघांचेही बाप लष्करात. मग निष्कर्ष उलटे का?

कारण मैदानावर स्कोअरबोर्ड असतो. दांडी उडाली ती उडाली. ती ब्राह्मणाने उडवली का चांभाराने, हे दांडीला कळत नाही, आणि हजारो लोकांपुढे ती नाकारता येत नाही. क्रिकेट काही न्यायी नाही, पण मोजता येतं. बडोद्याच्या कचेरीत स्कोअरबोर्ड नव्हता. गावाच्या विहिरीवर नाही. आपल्या खैरलांजीत नव्हता, २००६ साली. बाळूने मैदानाचा नियम समाजाला लावला. जिथे मोजमाप आहे तिथली सुधारणा त्याला सगळीकडे दिसली.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. बाळूच्या वाटेने जाऊन जे मिळतं ते लायकीचं बक्षीस असतं. आठ विकेटी काढ, मग टेबलावर बस. ज्याला विकेट काढता येत नाही त्या चांभाराने कुठे बसायचं? पुण्याच्या छावणीत बाळूसोबत खेळपट्टी झाडणारं आणखी कुणी असेल, ज्याचा बॉल वळत नसेल. त्याचं मातीचं भांडं तसंच राहिलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले तेव्हा पाणी प्यायला ओंजळ पुढे करणाऱ्या कुणाला त्यांनी विचारलं नाही की तू कोणता पराक्रम केलास. माणूस आहेस ना? मग पी. बाळूच्या मार्गात आणि बाबासाहेबांच्या मार्गात एवढाच फरक आहे. एवढाच म्हणतो, पण त्यात सगळं आलं.

म्हणून १९३७ ला बाबासाहेब बरोबर होते आणि बाळू चूक होता. यात मला शंका नाही. पण चूक असलेला माणूस परका असतो का?

पुणे करार घ्या. २४ सप्टेंबर १९३२. त्या कागदावर बाळूची सही आहे. आपल्या अमरावती जिल्ह्याचे गणेश आकाजी गवई यांचीही आहे, जे राजा-मुंजे बाजूचे. आणि बाबासाहेबांचीही आहे. सह्या एकाच कागदावर, पण वजन एक नाही. बाबासाहेबांच्या सहीवर गांधींच्या उपोषणाचं ओझं होतं. बाळूने मनापासून केली असेल. पण गवईंना आपण वऱ्हाडात विसरलो नाही. मतभेद सांगतो आणि नावही घेतो. मग बाळूच्याच वाट्याला उलटा फोटो का?

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तिथल्या मोठ्या गोऱ्या संघांत अनेक दशकं काळ्यांना बंदी होती. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघातून उतरला आणि ती बंदी मोडली. संघाच्या मालकाची अट होती : शिव्या पडतील, उलट बोलायचं नाही. तो गिळत राहिला, खेळत राहिला. आणि १९४९ साली, पॉल रोबसन हा काळा गायक-नट सरकारला जड झाला, तेव्हा अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे रोबसनविरुद्ध बोलायला कुणाला बोलावलं? रॉबिन्सनलाच. तो गेला. तिथे वर्णद्वेषावरही बोलला, पण छापून आलं ते रोबसनविरुद्धचं. पुढे १९७२ साली आलेल्या आत्मचरित्रात त्याने लिहिलं की आज बोलावलं तर मी जाणार नाही, आणि रोबसनबद्दलचा आदर वाढला आहे. त्याच वर्षी तो वारला. इकडे मुंबईत त्याच वर्षी पँथर उभी राहिली. काळ्यांनी रॉबिन्सनला टाकलं नाही. त्याच्याशी भांडले, आणि आपला म्हणाले.

सत्ताधाऱ्यांची ही रीत जुनी आहे. आपल्यातला बोलका माणूस जड झाला की आपल्यातलाच मोठा माणूस त्याच्यापुढे उभा करायचा. काँग्रेसला १९३७ ला बाबासाहेबांविरुद्ध बाळू का सापडला? तो महान गोलंदाज होता म्हणून, हे अर्धं उत्तर. तो चांभार होता आणि बाबासाहेब महार, हे उरलेलं अर्धं. ही खेळी आजही थांबलेली नाही. पोटजातींची वेगळी संमेलनं, वेगळी महामंडळं, वेगळे पुढारी. निवडणूक आली की बघा. आणि आपण शिबिरात फोटो उलटा करतो तेव्हा त्यांचं उरलेलं काम फुकटात करून देतो. तो पोरगा उद्या दुसऱ्या कुणाच्या तंबूत दिसला तर त्याला गद्दार म्हणायला आपल्यातलेच पुढे असतील.

ती ११,२२५ मतं कुणाची होती? भायखळा-परळकडचा तो भाग, चाळीतली, गिरणीतली माणसं. त्यातल्या कित्येकांनी १९११ ला बाळूसाठी हार आणले असतील. ते शत्रू नव्हते. बाबासाहेबांनीही त्यांना शत्रू मानून वाऱ्यावर सोडलं नाही, विधानसभेत गेल्यावर कामगारांच्या प्रश्नावर बोलले ते त्यांच्यासाठीही.

बाळू १९५५ साली मुंबईत वारला. दीक्षाभूमीच्या एक वर्ष आधी. पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ विकेटी मागे ठेवून. क्रिकेट मंडळाच्या स्पर्धांची नावं बघा : रणजी, दुलीप, देवधर, सी. के. नायडू. नायडू आपल्या नागपूरचे, आनंद आहे. रणजी तर भारताच्या संघातून कधी खेळलेही नाहीत, राजे होते. या रांगेत बाळू नाही, विठ्ठल नाही. त्यांनी टाकलं, समजू शकतो.

विठ्ठलने १९४८ साली मराठीत आपलं आयुष्य लिहून ठेवलंय, 'माझे क्रीडा-जीवन'. आपल्यातल्या फार थोड्यांनी ते पाहिलं असेल. अमरावती-अकोल्याच्या कुठल्या जुन्या वाचनालयात, कुणाच्या मास्तर आज्याच्या पेटीत ते पडलेलं असेल तर कळवा. मी येऊन घेऊन जाईन, वाचून परत करीन. पुढच्या शिबिराला त्यातला १९२० चा भाग वाचायचा आहे, आणि वाचायला त्या पोरालाच सांगायचं आहे.